अजिंठ्यातली रिकामी जागा

गेल्या पावसाळ्यात अजिंठ्याला गेलो होतो. पहिल्या लेण्यात फ्लॅश न मारता पद्मपाणीच्या बाजूच्या पोपडे निघालेल्या भिंतीचा फोटो काढला. संभाजीनगरला परतताना गाडीत सहज तो फोनवरच्या एका एआय अॅपला दिला. काही सेकंदांत भिंत भरली. कमळं, पानं, एक सुंदर चेहरा. जोड कुठे आहे तेही कळेना. मला आनंद व्हायला हवा होता, पण भीतीच वाटली.

कारण ही भिंत वाचवायची धडपड जुनी आहे. १८४४ मध्ये मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल चित्रांच्या प्रतिकृती करायला इथे आला आणि वर्षानुवर्षं राबला. त्यातल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे.जे.चे विद्यार्थी आले. त्यांचंही बरंच काम १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेलं. चित्रं नीट दिसावीत म्हणून भिंतीला लावलेलं व्हार्निश मागे राहिलं आणि पिवळं पडलं. १९२० मध्ये निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे पोपडे पक्के केले, पण वर शेलॅक चढवलं. तेही काळवंडलं. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता.

कॅमेरा आणि कॉम्प्युटर भिंतीला हात लावत नाहीत, ही मोठी गोष्ट आहे. नाशिकच्या प्रसाद पवारांनी मंद उजेडात फोटो काढून डिजिटल रूपात चित्रं पुन्हा उभी करण्याचं काम केलंय. कॉम्प्युटर व्हिजन जुने-नवे फोटो ताडून भेगा वाढल्या का, रंग कुठे उडाला, हे दाखवू शकतं. अडचण रिकामी जागा भरताना येते. मॉडेलने आधी जे पाहिलंय, त्यावरून ते सर्वांत संभाव्य उत्तर देतं. ते उत्तर म्हणजे पुरावा नव्हे. गिलने निदान ती भिंत डोळ्यांनी पाहिली होती.

इटलीतच यावर एक साधा उपाय निघाला. तिथे चित्रातली गेलेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरतात. लांबून चित्र अखंड दिसतं, जवळ गेलं की नवीन काय ते कळतं. एआयने भरलेल्या पिक्सेललाही अशी रेघ हवी. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी त्या कमळांवर प्रबंध लिहील.

अॅपने दिलेला फोटो मी डिलीट केला. पोपड्यांचा ठेवलाय.