सोनेरी सिंह टॅमरिन आणि त्याच्या जंगलाची पुनर्उभारणी

सोनेरी सिंह टॅमरिन : (शास्त्रीय नाव लिओंटोपिथेकस रोझॅलिया). ब्राझीलच्या रिओ दी जानेरो राज्यातील किनारी सखल जंगलात आढळणारे छोटे माकड. जगात इतरत्र ते निसर्गतः कुठेही नाही. वजन साधारण 600 ग्रॅम, अंगभर तांबूस-सोनेरी केस, चेहऱ्याभोवती आयाळ. फळे, किडे, लहान बेडूक आणि सरडे हा त्याचा आहार. झाडांवर वाढणाऱ्या ब्रोमेलियाच्या पानांच्या बेचक्यांतले किडे ते लांब बोटांनी उकरून काढते. मादीला बहुधा जुळे होते आणि पिले पाठुंगळी वागवण्याचे काम बाप व टोळीतली इतर मंडळी करतात. रात्र झाडाच्या ढोलीत जाते. म्हणून या माकडाला जुनी, ढोल्यांची झाडे लागतात, वर्षभर कुठे ना कुठे फळ लागते आणि फांदीवरून फांदीवर जाता येईल असे सलग जंगल लागते. उघडे कुरण ओलांडणे ते शक्यतो टाळते.

नेमके हे सलगपणच नाहीसे झाले. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावरील अटलांटिक जंगल आधी उसासाठी, पुढे कॉफीसाठी आणि मग गुरांच्या कुरणांसाठी तोडले गेले. आज त्यातले सुमारे 12 टक्के उरले आहे. सर्वाधिक झळ सपाट, सखल भागाला बसली, कारण शेतीला आणि वस्तीलाही तोच सोयीचा. त्यात पाळण्यासाठी आणि प्राणिसंग्रहालयांसाठी टॅमरिन पकडले जात. आदेल्मार कोइंब्रा-फिल्यो या ब्राझीली शास्त्रज्ञाने 1960च्या दशकात धोक्याची जाणीव करून दिली. पुढच्या दशकात रानात जेमतेम 200 टॅमरिन उरल्याचा अंदाज होता. 1974मध्ये पोसो दास अंतास हे राखीव क्षेत्र जाहीर झाले.

1984पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले टॅमरिन रानात सोडण्यात आले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील डेव्हरा क्लायमन यांचा या कार्यक्रमात मोठा वाटा होता. सोडलेल्यांपैकी बरेच जगले नाहीत; अन्न शोधणे आणि दिशा धरणे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या रानात जन्मलेल्या पिलांनी मात्र ते शिकून घेतले. आजच्या रानटी टॅमरिनांपैकी सुमारे एक-तृतीयांश त्यांचेच वंशज आहेत. 1990च्या दशकात एकाकी तुकड्यांत अडकलेल्या टोळ्या उनियाओ येथील जंगलात हलवल्या गेल्या आणि 1998मध्ये तेही राखीव झाले.

या कथेतला प्राणिसंग्रहालयांचा भाग जगभर सांगितला जातो. शेतकऱ्यांचा भाग तितका सांगितला जात नाही, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. टॅमरिन राहतात त्या साओ जोआओ नदीच्या खोऱ्यातले बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे. सोडलेले अनेक टॅमरिन उतरले तेही अशाच शेतांवर, म्हणजे मालकाने होकार दिला तिथेच. 1992मध्ये स्थापन झालेली ‘सोनेरी सिंह टॅमरिन संघटना’ तेव्हापासून या खोऱ्यात काम करते आहे. ब्राझीलच्या वन कायद्यानुसार या भागातील मोठ्या शेतमालकाला 20 टक्के जमीन देशी झाडोऱ्याखाली ठेवावी लागते. शिवाय स्वेच्छेने आपले रान कायमचे खासगी अभयारण्य म्हणून नोंदवता येते. खोऱ्यातल्या सिल्वा जार्दिम परिसरात अनेकांनी ते केले आहे.

जंगलाचे तुटलेले तुकडे जोडण्यासाठी झाडांचे भ्रमणमार्ग लावले जातात. कायद्याने जमीन मिळालेल्या छोट्या शेतकऱ्यांच्या वसाहतींत रोपवाटिका उभ्या राहिल्या. इथली कुटुंबे रानातून देशी झाडांचे बी गोळा करतात, रोपे वाढवतात आणि विकतात. झाड वाचवण्यात आता घरचे उत्पन्नही आहे. लागवड मात्र कष्टाची. कुरणासाठी आणलेले आफ्रिकी ब्राकियारिया गवत रोपांना गुदमरवते, पानतोड्या मुंग्या एका रात्रीत रोप ओरबाडतात आणि कोरड्या ऋतूतल्या आगी वर्षांची मेहनत खातात. म्हणून इंगासारखी लवकर वाढणारी, नत्र देणारी झाडे आधी लावून सावली धरली जाते. तिच्याखाली सावकाश वाढणारी जंगली झाडे येतात. इंगाची फळे टॅमरिनही खाते आणि बिया पसरवते. काही शेतकरी केळी, कसावा आणि जुसारा ताड यांना जंगली झाडांची जोड देऊन मिश्र शेती करतात.

2003मध्ये ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आली. 2014पर्यंत संख्या सुमारे 3,700 झाली. मग पीतज्वर आला. डासांमार्फत पसरणाऱ्या या रोगाने 2019पर्यंत जवळजवळ एक-तृतीयांश टॅमरिन गेले. मोजणी 2,516वर आली. रोग माकडांकडून माणसाला थेट लागत नाही, तरी भीतीपोटी ब्राझीलमध्ये अनेक ठिकाणी लोकांनी माकडे मारली. वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षे चाललेल्या शिक्षणाचे मोल अशा वेळी कळते. 2021पासून माणसांच्या लसीच्या पातळ मात्रेने रानटी टॅमरिनांचे लसीकरण सुरू झाले. 2023च्या गणनेत संख्या सुमारे 4,800 निघाली.

संघटनेने 2025पर्यंत 25,000 हेक्टर संरक्षित आणि जोडलेल्या जंगलात 2,000 टॅमरिन असे ध्येय ठेवले होते. संख्येचा भाग कधीच ओलांडला गेला; जोडणीचा तेवढा सोपा नाही. बीआर-101 हा महामार्ग अधिवासाच्या मधोमध जातो. 2020मध्ये त्यावर माती टाकून झाडे लावलेला पूल पूर्ण झाला आणि त्यालगतच्या शेतावरही जंगल उभारले जात आहे. महामार्गाच्या इतर भागांत आणि शहरांच्या वाढत्या कडांवर मात्र टोळ्या अजून एकमेकींपासून तुटलेल्या आहेत. तिथे कुरणाच्या कोणत्या पट्ट्यात झाडे लावायची, हे आजही त्या-त्या जमीनमालकाशी बोलून ठरवावे लागते.