काळजीचे मोजमाप : इंग्लंडमधील स्मृतिभ्रंश-निवासांच्या गुणवत्ता-मूल्यांकनाचा इतिहास

प्रस्तावना :

उतारवयातील विस्मृतीसाठी मराठीत 'म्हातारचळ' हा शब्द आहे आणि 'साठी बुद्धी नाठी' ही म्हणही आहे. दोहोंतही दोष आजाराला नसून वयाला दिलेला आहे. युरोपातील समजूत फारशी वेगळी नव्हती. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथे एका स्त्रीरुग्णाच्या मेंदूतील बदल विद्वानांपुढे मांडले. परंतु ती स्त्री पन्नाशीतील असल्याने हा मध्यमवयातील एक दुर्मिळ रोग आहे, असेच पुढे अनेक दशके मानले गेले. वृद्धांचे विसरणे हा वयाचा धर्मच ठरला. साहजिकच अशा वृद्धांना ठेवून घेणाऱ्या संस्थांकडून छप्पर, अन्न आणि स्वच्छता यांपलीकडे कोणी काही मागत नव्हते. ही मागणी केव्हा बदलली आणि बदललेल्या मागणीची तपासणी कोणी व कशी केली, याचा शोध प्रस्तुत लेखात मुख्यतः इंग्लंडच्या संदर्भात घेतला आहे.

अनाथालयाची सावली :

इंग्लंडमधील वृद्धनिवासांचा वारसा १८३४ च्या दरिद्री कायद्याखालील श्रमगृहांचा होता. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने त्या कायद्याचा शेवट केला, तरी इमारती मात्र त्याच राहिल्या. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ संस्थांना भेटी देऊन १९६२ मध्ये 'द लास्ट रेफ्यूज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या श्रमगृहांच्याच वास्तूंत वृद्ध कसे दिवस कंठीत आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. पाठोपाठ १९६७ मध्ये बार्बरा रॉब यांचे 'सान्स एव्हरीथिंग' आले आणि १९६९ मध्ये कार्डिफच्या ईली रुग्णालयाचा चौकशी अहवाल आला. त्याच वर्षी रुग्णालय सल्लागार सेवा स्थापन झाली. या देशातील सुधारणांचा क्रम बहुधा असाच दिसतो : आधी लोकापवाद, मग चौकशी आणि शेवटी निरीक्षक.

१९८० नंतर सामाजिक सुरक्षेच्या पैशातून खाजगी निवासांचे शुल्क भरले जाऊ लागले, तशी त्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांना आवर घालण्यासाठी १९८४ चा नोंदणीकृत निवास कायदा आला. निरीक्षक खोलीचे क्षेत्रफळ, अग्निशमनाची सोय आणि नोंदवह्या पाहत असत. या गोष्टी आवश्यक होत्याच. परंतु दिवसभर भिंतीकडे पाहत खुर्चीत बसलेल्या आजीबाईंची नोंद त्या वह्यांत कोठेही होत नसे.

ब्रॅडफर्डचा प्रयोग :

ही उणीव ज्यांनी सर्वाधिक स्पष्टपणे ओळखली ते टॉम किटवुड ब्रॅडफर्ड विद्यापीठात अध्यापन करीत होते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा ऱ्हास केवळ मेंदूतील बिघाडाने होत नाही. भोवतालची माणसे त्याच्याशी कशी वागतात यानेही तो होतो, असा त्यांचा सिद्धांत होता. माणसाला लहान मूल समजणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी परक्यासारखे बोलणे, त्याला न विचारता उचलून बसवणे, खोटे सांगून गप्प करणे अशा वर्तनाचे सतरा प्रकार त्यांनी 'डिमेन्शिया रीकन्सिडर्ड' (१९९७) या ग्रंथात नोंदविले. त्यांनी सेवकांना दुष्ट ठरविले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. असे वर्तन बहुतांशी नकळत आणि कामाच्या रेट्याखाली होते, असे ते म्हणत.

किटवुड आणि कॅथलीन ब्रेडिन यांनी यावर एक मोजपट्टीही तयार केली. तिचे नाव 'डिमेन्शिया केअर मॅपिंग'. प्रशिक्षित निरीक्षक दिवाणखान्यात काही तास बसतो. दर पाच मिनिटांनी प्रत्येक रहिवासी काय करीत आहे हे तो एका अक्षराने नोंदवितो आणि त्याची मनःस्थिती व तन्मयता उणे पाच ते अधिक पाच या श्रेणीत मांडतो. दिवसाच्या शेवटी कोणाच्या वाट्याला किती सुख आले याचा जणू नकाशाच तयार होतो. तो सेवकांना दाखवून त्यांच्याशी चर्चा करावयाची, सुधारणेची योजना आखावयाची आणि काही महिन्यांनी पुन्हा नकाशा काढावयाचा, अशी ही पद्धती आहे. किटवुड १९९८ मध्ये वारले. पद्धती मात्र देशोदेशी पसरली. २०१० मध्ये ब्रिटिश मानक संस्थेने 'पास ८००' ही तिची मार्गदर्शिका काढली.

तारांकन आणि त्याचे पुढे काय झाले :

दरम्यान शासनही स्वस्थ बसले नव्हते. २००० च्या काळजी मानक कायद्यान्वये वृद्धनिवासांसाठी ३८ किमान मानके ठरली आणि २००२ पासून राष्ट्रीय आयोग निरीक्षण करू लागला. २००४ मध्ये त्याची जागा दुसऱ्या आयोगाने घेतली आणि २००९ मध्ये तिसऱ्याने. महाविद्यालयीन वाचकांस १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅक'चा अनुभव असल्याने मानकांचा हा संसार अपरिचित वाटू नये. समितीच्या भेटीआधीची रंगरंगोटी आणि रातोरात भरलेल्या फायली ही काही केवळ आपलीच मिरासदारी नव्हे.

अल्झायमर्स सोसायटीने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातील एक आकडा येथे सांगितलाच पाहिजे. सहा तासांच्या निरीक्षणात, शारीरिक शुश्रूषेचा वेळ वगळता, सामान्य रहिवाशाचा इतरांशी संवाद झाला तो केवळ दोन मिनिटे. ही निवासे मानकांच्या तपासणीखाली असतानाची ही स्थिती आहे. पुढील वर्षी आयोगाने शंभर निवासांच्या विशेष तपासणीत ब्रॅडफर्डच्या नकाशापद्धतीतून घडविलेले 'सोफी' हे संक्षिप्त साधन वापरले. त्यामुळे शासकीय निरीक्षक प्रथमच फायली बाजूला ठेवून दिवाणखान्यात बसला. प्रस्तुत लेखकास या इतिहासातील खरे वळण हेच वाटते. २००८ मध्ये सुरू झालेले तारांकन मात्र २०१० मध्ये बंद पडले आणि २०१४ मध्ये चार श्रेणींचे नवे मानांकन आले.

मूल्यांकनापेक्षा थेट दडपणाने काय साधते, याचे उदाहरण औषधांचे आहे. सुबे बॅनर्जी यांच्या २००९ च्या अहवालानुसार ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १,८०,००० रुग्णांना मनोविकारविरोधी औषधे दिली जात होती आणि त्यामुळे वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यू होत होते. लाभ मात्र फार तर ३६,००० रुग्णांना होत असे. राष्ट्रीय पाहणीनुसार इंग्लंडमध्ये ही औषधे दिली जाणाऱ्या रुग्णांचे प्रमाण २००६ मधील सुमारे १७ टक्क्यांवरून २०११ मध्ये सुमारे ७ टक्क्यांवर आले.

नकाशापद्धतीची कसोटी अधिक कठीण ठरली. सिडनीतील पंधरा निवासांवरील २००९ च्या चाचणीत तिच्यामुळे रहिवाशांची अस्वस्थता घटली. इंग्लंडमधील पन्नास निवासांच्या मोठ्या चाचणीत (२०२०) मात्र असा लाभ आढळला नाही. तेथील बहुतेक निवासांना नकाशाची पहिली फेरी ओलांडताच आली नाही; प्रशिक्षण घेतलेले सेवक नोकरी सोडून जात आणि राहिलेल्यांना त्यासाठी वेळ मिळत नसे. मग निष्फळ ठरले ते साधन की ते वापरू न शकलेली व्यवस्था? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६९ निवासांच्या 'व्हेल्ड' चाचणीत सेवकांच्या प्रशिक्षणाला रहिवाशांशी गप्पागोष्टी व आवडीचे उपक्रम यांची जोड दिली होती. तेथे जीवनमान सुधारले, अस्वस्थता घटली आणि खर्चही वाचला.

भारतात २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी निवास असावा, असे सुचविले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. आपल्याकडील चर्चा अद्याप खाटांच्या संख्येभोवतीच फिरते. इंग्लंडमध्ये ती १९६२ मध्ये जेथे होती, साधारण तेथेच.