राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ही केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाची देशव्यापी नमुना पाहणी असून तिचे काम मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. निवडलेल्या घरी जाऊन पाहणी करणारे कर्मचारी प्रश्न विचारतात, बालकांची उंची व वजन मोजतात; पाचव्या फेरीपर्यंत (२०१९-२१) बोटातून रक्ताचा थेंब घेऊन हिमोग्लोबिनही तपासले जात असे. त्यामुळे दवाखान्याची पायरी कधी न चढलेल्यांचीही नोंद होते. चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील ५३ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ५७ टक्के झाले. चौथ्या फेरीपासून जिल्हानिहाय आकडे मिळू लागल्याने राज्याच्या सरासरीआड दडलेले नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यातील कुपोषण स्वतंत्रपणे दिसू लागले.