ओट्यावरून ऐकलेल्या विठाबाई

चैत्रात आमच्या गावची जत्रा. रात्री माळावर विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा तमाशा. बायामाणसांनी तिकडं फिरकायचं नाही, अशी रीत. आई ओट्यावर गोधडी पांघरून बसायची आणि ढोलकी थांबली की म्हणायची, ‘गप रे, विठा गातीय.’ मी बाप्यांच्या गर्दीत बसून त्यांना नाचताना पाहिलं; आईनं नुसतं ऐकलं.

विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडात त्या लहानपणीच उभ्या राहिल्या. गवळण, लावणी आणि मग पहाटेपर्यंत वग. गवळणीत हसवणारी बाई वगात रडवायची, तीही त्याच घशानं, न झोपता. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

लोक मात्र एकच गोष्ट सांगतात. दिवस भरलेले असताना त्या नाचल्या, मधेच आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. प्रेक्षकांना कळलं तेव्हा त्यांनीच हात जोडून थांबवलं म्हणे. कौतुकानं सांगतात! पण पोट तर आधीपासून दिसत होतं की. आमच्यासारखेच बसले असतील, शिट्ट्या मारत.

जानेवारी २००२ मध्ये विठाबाई गेल्या. पेपरातला फोटो आईला दाखवला.

‘हीच व्हय ती?’ म्हणाली, आणि कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिली.