कुत्र्यामागे आठ आणे : १८३२ ची दंगल आणि आपल्या शेजारचं भुंकणं

कुत्र्याच्या भुंकण्यावरून सोसायटीत होणारी भांडणं हे आजच्या फ्लॅट संस्कृतीचं खूळ आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

जून १८३२. मुंबईत दोन दिवस दंगल झाली, ती कुत्र्यांवरून. दंगल केली कोणी, तर पारशांनी! इंग्रजांच्या सगळ्यात जवळचा, व्यापारात मुरलेला, कायद्याच्या चौकटीत राहणारा म्हणून ओळखला जाणारा समाज. आधुनिक मुंबईतल्या अगदी सुरुवातीच्या दंगलींत तिची गणना होते.

भटकी कुत्री मारण्याचा नियम मुंबईत १८१३ पासून होता. उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत बेवारस कुत्री मारायची. त्यामागची भीती खोटी नव्हती. पिसाळलेला कुत्रा चावला तर माणूस दगावू शकायचा, कारण पाश्चरची लस यायला १८८५ उजाडावं लागलं. १८३२ मध्ये मॅजिस्ट्रेटनी ही मुदत जूनपर्यंत वाढवली. मारेकऱ्यांना कुत्र्यामागे आठ आणे मिळत.

आठ आणे म्हणजे त्या काळी गरिबाला मोठीच रक्कम. मग बेवारस कोण आणि पाळीव कोण, हे बघत बसतो कोण? माणसं लोकांच्या आवारात शिरली, पाळलेली कुत्रीही मारू लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेल्यावर अंत्यविधीत कुत्र्याची नजर प्रेतावर पडावी लागते, त्याला सगदीद म्हणतात. अशा समाजाच्या दारात, त्यांच्या सणाच्याच दिवशी, ६ जूनला हा प्रकार चालू होता. सुमारे दोनशे जणांच्या जमावाने फोर्टमध्ये पोलिसांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारा माल अडवला. पारशांबरोबर इतर समाजांचे लोकही बंदमध्ये उतरले. सरकारने दंगलीचा कायदा वाचून दाखवला, लष्कर आणलं, धरपकड केली. पुढे खटले झाले, काहींना तुरुंगवास झाला.

पण प्रश्न बंदुकीने मिटला नाही. ज्यांच्या नावाचं जे. जे. रुग्णालय आहे ते जमशेटजी जीजीभॉय आणि इतर शेटिया मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, समजुतीची भाषा केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यायची, यावर तोडगा निघाला.

मला यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी वाटते. नियम एकोणीस वर्षं जुना होता. लोकांना तो आवडत नसला तरी शहर त्यावरून पेटलं नव्हतं. ठिणगी पडली ती बक्षिसाच्या लोभाने आणि घरात घुसण्याने. आणि या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कोणी विचारलाच नाही : कुत्र्याची जबाबदारी कोणाची? सरकारचं म्हणणं ‘मारा’, तोडगा काय तर ‘दुसरीकडे न्या’.

आता २०२५ आठवा. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवारागृहात ठेवायला सांगितलं. देशभर दोन तट पडले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आदेश बदलला : नसबंदी आणि लसीकरण करून होतं तिथेच सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नका. १९३ वर्षांनीही आपला पहिला विचार तोच, ‘इथून हलवा’.

आणि हाच विचार आपल्या जिन्यातही येतो, म्हणून हे सगळं लिहितोय.

आमच्या इमारतीत एका बाल्कनीत कुत्रा बांधलेला असतो. घरातली माणसं सकाळी नऊला जातात, रात्री आठला येतात. मधले अकरा तास तो भुंकतो. माझे वडील ७८ वर्षांचे, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. दुपारची झोप हीच त्यांची खरी झोप, ती गेली. त्यामुळे ‘बिचारा मुका जीव’ असं मला कोणी ऐकवलं की मी म्हणतो, आमच्या घरातलाही जीवच आहे हो.

ग्रुपवर चर्चा सुरू झाली. पन्नास मेसेजनंतर एकाने लिहिलं, ‘बिस्किटात काहीतरी घाला, एका दिवसात शांतता.’ त्याखाली सहा हसरे चेहरे. मला त्या हसऱ्या चेहऱ्यांची भीती वाटली. आठ आणे घेऊन लाठी चालवणाऱ्याला निदान पोटाचा प्रश्न होता.

आता कायदा बघा, कारण दोन्ही बाजूंना तो माहीत नसतो. प्राण्याला विष घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. याचा अर्थ मालकाला रान मोकळं आहे असा नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल ही मर्यादा दिलेली आहे. सार्वजनिक उपद्रव हा १८६० च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११. कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही, तर ती क्रूरता ठरते. नीट वाचा. १८१३ च्या नियमात कुत्रा गुन्हेगार होता. इथे कायदा मालकाकडे बोट दाखवतो. अकरा तास बाल्कनीत बांधलेला कुत्रा उगाच भुंकत नसतो. तो एकटा असतो, कंटाळलेला असतो, खालून जाणाऱ्या प्रत्येकाकडे दाद मागत असतो. म्हणजे माझ्या वडिलांची तक्रार आणि त्या कुत्र्याची तक्रार एकच आहे!

हे कळल्यावर मी ग्रुप सोडून थेट त्यांच्या दारात गेलो. ‘तुमचा कुत्रा आम्हाला त्रास देतो’ असं न म्हणता ‘दिवसभर तो असा असतो, तुम्ही नसताना’ असं सांगून मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. वहिनी गप्पच झाल्या. त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं, कारण त्या आल्या की तो शांत होतो. आता दुपारी एक मुलगा त्याला फिरवायला येतो, बाल्कनीऐवजी तो घरात असतो. भुंकणं बंद झालं का? नाही. कमी झालं. बाबा दुपारी तासभर झोपतात.

सगळीकडे एवढ्यावर भागेल असा माझा दावा नाही. मालक ऐकतच नसेल तर तारीख-वेळेची नोंद ठेवा, सोसायटीला लेखी द्या, मग पोलिसात जा. तो तुमचा हक्कच आहे. पण तक्रार माणसाविरुद्ध लिहा, कुत्र्याविरुद्ध नको.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. तेवढं मन आपल्या सगळ्यांचं नसेल, माझंही नाही. निदान बिस्किटाच्या मेसेजखाली हसरा चेहरा तरी टाकू नका. तुमच्या ग्रुपवर असा मेसेज आला तर तिथल्या तिथे बोला.