हायड्रोच्या डब्याचं झाकण

चला, काही दशकं मागे जाऊ. सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी, मे महिना, भर दुपार. बाहेर डांबर पाघळलंय, आत शेडचे पत्रे तापलेत. शेजारी यंत्रमागांची खटाखट एवढी की समोरच्याच्या कानाशी जाऊन ओरडल्याशिवाय तुमचा शब्द पोचत नाही. तुम्ही उभे आहात ते रंगखात्यात. पायाखाली निळं-हिरवं पाणी वाहतंय, वाफेने सदरा पाठीला चिकटलाय. कॉस्टिकचं पाणी बोटांना लागलं की बोटं बुळबुळतात, म्हणून हात आखडता ठेवा.

डाईंग मास्तर डब्यातून पांढरी भुकटी काढतात. जळक्या काडीपेटीसारखा वास नाकात शिरतो, डोळे चुरचुरतात. हा हायड्रो.

"ओ साहेब, बघत काय बसलाय? झाकण लावा! हवा लागली की हायड्रो मेला बघा!"

तुम्ही धावत झाकण लावता. व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाही. हायड्रो त्याला इलेक्ट्रॉन देतो, तेव्हा कुठे तो विरघळून सुतात शिरतो. हौदात रंग एक दिसतो. लडी बाहेर काढून हवेत धरली की तुमच्या डोळ्यांदेखत दुसराच उमटतो. हवेने रंग पुन्हा अविद्राव्य झाला आणि सुतात अडकला.

नाकातला वास जाऊ देऊ नका, तोच धरून आणखी मागे चला. 1963-64, अमेरिकेतलं विस्कॉन्सिन विद्यापीठ. व्ही. एन. अय्यर आणि वाक्लाव शिबाल्स्की यांच्या प्रयोगशाळेत तुमच्या हातात परीक्षानळी आहे. आत डीएनएचं चिकट द्रावण आणि जपानी संशोधकांनी मातीतल्या जिवाणूपासून मिळवलेलं जांभळं मायटोमायसीन, कर्करोगावरचं औषध. नळी उकळत्या पाण्यात धरा, मग झटकन बर्फात. डीएनएचे दोन पदर सुटे झाले ते सुटेच राहिले. औषधाने काहीच केलं नाही!

आता चिमूटभर हायड्रो टाका. होय, तीच भुकटी, तोच वास. पुन्हा उकळा, पुन्हा बर्फात. या वेळी पदर एकमेकांना पूर्ण सोडत नाहीत. गार होताच पुन्हा जुळतात.

इलेक्ट्रॉन मिळताच मायटोमायसीनची रचना बदलते. त्याचं एक टोक एका पदरातल्या ग्वानिनशी पक्का रासायनिक बंध जोडतं, दुसरं समोरच्या पदरातल्या ग्वानिनशी. मायटोमायसीनने बांधलेले पदर उलगडत नाहीत. मग डीएनएची नक्कल होत नाही आणि पेशीला दुभंगता येत नाही.

शरीरात हायड्रोचा डबा नाही. तिथे इलेक्ट्रॉन देतात पेशीतली विकरं. आणि हवेचा हिशेब इथे उलटा. प्राणवायू सुताचा रंग पक्का करतो, पण जागं झालेलं औषध तो परत निजवतो. कर्करोगाच्या गाठीच्या पोटात, जिथे रक्त नीट पोचत नाही, तिथे प्राणवायू कमी, म्हणून तिथे औषध जागं राहतं.

तरी त्याला गाठ ओळखता येत नाही. इलेक्ट्रॉन देणारी विकरं निरोगी पेशींतही असतात. अस्थिमज्जेतल्या भराभर दुभंगणाऱ्या पेशी त्यात सापडतात, रक्तपेशी घटतात. म्हणूनच पुढच्या डोसाआधी डॉक्टर तुमचं रक्त तपासायला पाठवतात.