सम आंकडा आणि विषम आंकडा

संगणकाच्या सर्व कारभारावर देखरेख करणाऱ्या मूळ आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती ताजी घ्यावी कीं मुरलेली, हा प्रश्न वरवर पाहतां हौसेचा वाटतो. पण देगलूरसारख्या गांवीं तो हौसेचा राहत नाहीं. नांदेड येथून सुमारें ८० किलोमीटर. तेलंगण व कर्नाटक यांच्या सीमा मात्र जवळच. दुकानाच्या वहींत मराठी, तर गिऱ्हाइकाच्या तोंडीं तेलुगू, कन्नड किंवा उर्दू. यंत्र अडलें तर जाणता दुरुस्त करणारा शेजारीं असेलच असें नाहीं, आणि आपलीं अक्षरें त्याला उमटवितां आलीं नाहींत तर तें असून नसल्यासारखेंच.

लिनक्सच्या इतिहासांत हा पेंच फार स्पष्ट दिसतो. या व्यवस्थेचा गाभा, म्हणजे कर्नल, मार्च १९९४ मध्यें १.० या आंकड्यानें प्रसिद्ध झाला आणि पुढें एक सोपी खूण रूढ झाली. दुसरा अंक सम असेल तर आवृत्ती स्थिर. विषम असेल तर ती अद्याप घडणींत आहे असें समजावें. २.४ लोकांच्या कामासाठीं, २.५ कारागिरांच्या प्रयोगासाठीं.

ही खूण एकदां सपशेल फसली. जानेवारी २००१ मध्यें २.४ निघाली खरी, परंतु यंत्राच्या स्मृतीची वांटणी करणारा तिचा भाग कामाच्या भाराखालीं डगमगूं लागला. २.५ ही प्रयोगशाळा तोंवर उघडलीच नव्हती. तेव्हां सप्टेंबरांत, २.४.१० या आवृत्तींत, लिनस टोर्व्हाल्ड्स यांनीं रिक व्हान रील यांची रचना काढून आंद्रेया आर्कांजेली यांची नवी रचना बसविली. उभ्या पिकांत नांगर घालावा तसा हा प्रकार! नोव्हेंबरांतील २.४.१५ मध्यें तर सांठवणीची तबकडी यंत्रापासून विलग करतांना तिच्यावरील नोंदी बिघडविणारा दोष राहून गेला. थोड्याच दिवसांत २.४.१६ काढावी लागली. आंकडा मात्र या सर्व काळांत समच होता.

डेबियन मंडळींची रीत अधिक सावध. इअन मर्डॉक यांनीं १९९३ मध्यें आरंभिलेल्या या उपक्रमांत नवा माल प्रथम ‘सिड’ या अस्थिर शाखेंत येतो. ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांतील खेळणीं मोडणाऱ्या मुलाचें हें नांव, आणि तें शोभतेंही. तेथें कांहीं दिवस गंभीर तक्रार न आल्यास तो चांचणीच्या शाखेंत जातो. पुढें सारें गोठवून, दोष वेंचून, स्थिर आवृत्ती निघते. स्थिर म्हणजे निर्दोष नव्हे, तर पायाखालून न सरकणारी. या सावधपणाची किंमतही जबर पडली. ३.० ही आवृत्ती जुलै २००२ ची, तर ३.१ थेट जून २००५ ची. मधल्या काळांत विकत घेतलेल्या नव्या यंत्रांचे कित्येक भाग तिला ओळखतांच येत नसत.

अक्षरांच्या बाबतींत हीच अडचण २०१० मध्यें आली. त्या वर्षीं १५ जुलैला रुपयाच्या नव्या चिन्हास मान्यता मिळाली आणि ऑक्टोबरांत युनिकोडच्या ६.० या आवृत्तींत त्यास जागा मिळाली. त्यापूर्वीं गोठविलेल्या फॉन्टांत त्या जागीं रिकामा चौकोन दिसणार, हें उघडच होतें. रेड हॅट कंपनीनें २००४ मध्यें खुले केलेले ‘लोहित’ फॉन्ट, ज्यांवर तिच्या पुण्याच्या कचेरींतही काम होत असे, अशा वेळीं उपयोगी पडणारे. फॉन्ट हा गाभ्याहून निराळा असल्यामुळें तेवढाच बदलतां येतो. देगलूरच्या दुकानदारानें एका चिन्हासाठीं सबंध व्यवस्था उलथून टाकण्याचें कारण नव्हतें. मात्र हें त्याला सांगणारा कोणी भेटावयास हवा होता.

२००३ अखेर २.६ निघाल्यावर कर्नलची विषम आंकड्याची वाट बंद झाली. आतां नऊ-दहा आठवड्यांनीं नवी आवृत्ती येते व त्यांपैकीं निवडक आवृत्त्यांची दुरुस्ती वर्षानुवर्षें चालते. त्या कोणत्या, हें आंकडा पाहून ओळखतां येत नाहीं.